भूपाल चौगुल्यांचं शेवटचं बेअरिंग

सांगलीकडच्या एका हळदीच्या गिरणीत बेअरिंग वयाआधी गेलं, की त्याचं न जगलेलं आयुष्य ते बसवणाऱ्या फिटरच्या नोकरीत जमा होतं. त्यामुळे भूपाल चौगुले ब्याऐंशीव्या वर्षीही कामावर होते, आणि त्यांचा थोरला मुलगा पोस्टातून रीतसर निवृत्त होऊन घरी झोपाळ्यावर बसला होता. बाप सकाळी कामाला निघाला की मुलगा वर्तमानपत्रातून डोकं वर काढून म्हणायचा, "आण्णा, जपून." ते ऐकलं की चौगुल्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

नियमाबद्दल त्यांची तक्रार नव्हती. बनवणारी कंपनी प्रत्येक बेअरिंगचं वय ठरवून देते. तेवढं ते जगलं नाही तर कुणीतरी भरून द्यायला हवंच. तक्रार होती ती माणसांबद्दल. एक बेअरिंग धुळीने गेलं, कारण त्याचं फाटलेलं सील बदलून द्यायला स्टोअरकीपरला सवड नव्हती. उघडलं तेव्हा आत ग्रीस कसलं, पिवळंधमक पिठलं होतं. दुसरं पाण्याने गेलं. मोठे साहेब येणार म्हणून कुणा उत्साही माणसाने जमिनीबरोबर मशीनही पाइपाने धुऊन काढलं होतं. एकाच्या मानेवर पट्टा इतका ताणून बसवला की ते ओझ्यानेच पिचलं. एकात जुन्या ग्रीसवर भलत्याच जातीचं ग्रीस भरलं, आणि दोन्ही मिळून ताकासारखी पातळ होऊन वाहून गेली. दर वेळी व्यवस्थापक हर्डीकर मनापासून हळहळायचे आणि उरलेलं आयुष्य चौगुल्यांच्या नावावर चढवायचे.

आता मात्र मागचं सगळं फेडून एकच बेअरिंग राहिलं होतं, दळणाच्या मोठ्या मशीनचं. ते चौगुल्यांनी डोळ्यांत तेल घालून सांभाळलं होतं. ते पुरं वय जगलं, की चौगुले सुटणार होते. लग्न झाल्यापासून त्यांच्या बायकोने, पद्मिनीबाईंनी, दुपारचं जेवण एकटीने केलं होतं. "आता दोघं समोरासमोर बसून जेवू," असं त्या महिनाभर गल्लीत सांगत होत्या.

अखेर तो दिवस आला. बेअरिंगचं वय संध्याकाळी भरणार होतं, म्हणून निरोप समारंभ तासभर आधी, चालू मशीनच्या शेजारीच ठेवला. चौगुल्यांना शाल आणि नारळ मिळाला. मग हर्डीकर म्हणाले, "आज बेअरिंगही निवृत्त होतंय. त्याचा सत्कार वहिनींच्या हस्ते." आणि त्यांनी पद्मिनीबाईंच्या हातात ग्रीस गन दिली.

पद्मिनीबाईंच्या घरून कुणी भुकेपुरतं जेवून गेल्याचं ऐकिवात नाही. त्यांच्याकडे यायचं म्हणजे जावई आदल्या रात्रीपासून उपाशी राहतात. त्यांनी मशीनला ओवाळलं आणि ग्रीस द्यायला सुरुवात केली.

"घे रं बाबा," त्या म्हणाल्या. "माझ्या माणसाला सोडवलंस तू. आणखी थोडं घे."

"अगं, पुरे!" चौगुले ओरडले. पण त्यांना लोकांनी गराडा घातला होता, आणि हर्डीकरांचं भाषण माइकवरून रंगात आलं होतं.

"एवढ्यानं काय हुतंय? माझ्यासाठी एवढं तरी घे."

पोटाला तडस लागलेल्या बेअरिंगमधले रोलर ग्रीस घुसळू लागले. घुसळून तापले. तापून ग्रीस पातळ झालं, करपट वास सुटला, मशीन किंचाळलं आणि गप्प झालं. टाळ्या थांबायला त्यामानाने वेळ लागला.

"एक तास उरला होता हो," हर्डीकर हळहळले.

"करतो की एक तास," चौगुले दात-ओठ खात म्हणाले.

"पण त्या तासात नवं बेअरिंग बसवावं लागेल. ड्यूटीवर तुम्हीच आहात. आणि ते तुम्ही बसवलंत, की..."

"त्याचं वय किती?"

"बरंच आहे," हर्डीकर ओशाळून म्हणाले. "यंदा चांगल्या कंपनीचं मागवलंय."

चौगुल्यांनी शाल काढून नारळावर आपटली. धूळ झाली, पाणी झालं, पट्टा झाला. आता घरची माणसंही बेअरिंगच्या जिवावर उठली, असं ते तोंडावर बोलून बसले. पद्मिनीबाईंचे डोळे भरले. मग पदर खोचून त्या हर्डीकरांपुढे उभ्या राहिल्या.

"साहेब, गेलं ते माझ्या हातानं. राहिलेला तास माझ्या नावावर घाला. नवंबी मीच बसवते. ह्यांना सोडा."

हर्डीकरांनी विचार केला. "वय काय आपलं?"

"अठ्ठ्याहत्तर."

"म्हणजे निवृत्तीचं वय आधीच उलटलंय. मग मधेच निवृत्त करायची अडचण नाही. हजर व्हा."

"पद्मा, खुळी झालीस काय?" चौगुले म्हणाले.

"सोडलं न्हवं तुमाला? मग दाखवा, कसं बसवायचं ते."

चौगुल्यांनी दाखवलं. जाणारा माणूस काम समजावून देऊ शकतो, असा नियम होता. हात लावू शकत नाही. सगळं स्वच्छ पुसून, सरळ रेषेत, न ठोकता पद्मिनीबाईंनी नवं बेअरिंग बसवलं. त्यांचा हात छान बसला होता, आणि याचाच चौगुल्यांना जास्त संताप आला.

"ग्रीस आतल्या जागेच्या तिसऱ्या हिश्शाएवढं. बास."

"एवढंच?"

"एवढंच! जास्त दिलंस तर जन्मभर हितंच राहशील."

"बरं बाई, एवढंच," त्या म्हणाल्या. मशीन सुरू झालं. सूर अगदी हवा तसा लागला होता. हर्डीकरांनी चौगुल्यांना हात धरून फाटकापर्यंत पोचवलं आणि फाटक लागलं.

चौगुले गजांतून आत पाहत राहिले. पद्मिनीबाई मशीनपाशी एकट्या उभ्या होत्या, केसांवर हळद बसत होती. त्यांनी बेअरिंगच्या लोखंडी घरावर तळहात ठेवला, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच ग्रीस गन उचलली.

"नदाफ, फाटक उघड!" चौगुले पहारेकऱ्यावर ओरडले.

"न्हाई मामा," नदाफ म्हणाला. "तुम्ही आता बाहेरचे."

"पद्मा! पुरे! अगं, पुरे कर!"

मशीन जोरात चालू होतं. पद्मिनीबाईंना काही ऐकू गेलं नाही. त्या वाकून बेअरिंगशी काहीतरी प्रेमाने बोलत होत्या.