न्हाणीबाहेरचे रामदासकाका

राजापेठेतल्या आमच्या घरात मुक्यानं आंघोळ करायला बंदी होती. आत जाऊन कडी लावली, की अंगणात स्टुलावर बसलेले घरमालक रामदासकाका दारावर एकदा टकटक करायचे. आतल्यानं काहीतरी बोलायचं. गाणं चालायचं, पाढे चालायचे, ऑफिसातल्या साहेबाची निंदा तर फारच चालायची. आवाज आला की काका दोनदा टकटक करायचे, म्हणजे आंघोळ पुढे चालू. जन्मभर एसटीत कंडक्टर होते. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला, हे त्यांच्या हाडात मुरलं होतं.

याचं मूळ न्हाणीच्या धुराड्यात होतं. घर जुनं. पूर्वी तिथं पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या घालून बंब पेटवायचे आणि धूर भिंतीतल्या धुराड्यातून छपरावर जायचा. बंब गेला. आम्ही भाडेकरूंनी हट्टानं गॅसचा गिझर बसवून घेतला आणि मिस्त्रीनं त्याचा पाइप त्याच धुराड्यात खुपसला. त्या दिवसापासून काकांचा जीव टांगणीला लागला. "पऱ्हाटीचा धूर बरा. डोयात जाते, खोकलवते, सांगूनसवरून येते. हा गॅस मुकाट्यानं मानूस नेते," असं ते म्हणायचे. दर रविवारी शिडी लावून वर चढायचे, बांबूला चिंध्या बांधून धुराडं घुसळायचे आणि काळ्या तोंडानं कबुतरांना शिव्या देत उतरायचे. कबुतराइतका निर्लज्ज भाडेकरू जगात नाही, असं त्यांचं मत होतं. हे सांगताना ते माझ्याकडे का बघायचे, ते मी विचारलं नाही.

यंदाच्या थंडीत त्यांचा गुडघा धरला आणि शिडी बंद झाली. मी चढतो म्हटलं, तर भाडेकरू पडला तर पाप कोणाचं, म्हणून त्यांनी मला चढू दिलं नाही. टकटक मात्र दुप्पट झाली.

अशात बहीण आणि तिचे यजमान, म्हणजे आमचे पुण्याचे जावई, नात्यातल्या एका लग्नासाठी आले. आंघोळ करताना परका माणूस बोलायला लावतो, हे त्यांना अजिबात रुचलं नाही. पहिल्या दिवशी कसंबसं "हो, आहे" म्हणाले आणि बाहेर येऊन दिवसभर गप्प राहिले.

दुसऱ्या दिवशी ते आत गेले. थंडी म्हणून झरोक्यात टॉवेलही कोंबला. काकांनी टकटक केली. उत्तर नाही. पुन्हा केली. आत नुसतं पाणी पडत होतं.

बहीण स्वयंपाकघरातून म्हणाली, ते नाहीच बोलायचे, रागावलेत. आई म्हणाली, जाऊ द्या, जावई माणूस आहे. माझं मन दोन्हीकडे ओढलं जात होतं. दार तोडावं आणि आत जावई नुसते रुसून बसलेले असावेत, तर बहिणीला जन्मभर ऐकावं लागलं असतं. मी हाका मारल्या. आवाज नाही.

काका स्टुलावरून उठले. "रुसला असन तं पाय धरीन त्याचे. मेला असन तं कोनाचे धरू?"

आणि दुखऱ्या पायावर उभं राहून त्यांनी चांगल्या पायानं दारावर लाथ घातली. दुसऱ्या लाथेला कडी निघाली.

जावई भिंतीला टेकून बसले होते. मान कलली होती. ओठ हलत होते, पण शब्द फुटत नव्हता. काकांनी गॅस बंद केला, आम्ही त्यांना टॉवेलात गुंडाळून अंगणात ओढलं. मोकळ्या हवेत त्यांनी डोळे उघडले, उलटी केली, आणि बहिणीनं रडायला सुरुवात केली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, थोडक्यात वाचले. संध्याकाळी मिस्त्रीनं धुराड्यातून तारा आणि निंबाच्या काड्यांचं अख्खं घरटं काढलं. निघताना जावई काकांच्या पाया पडले. काका इतके लाजले, की पाढे पाठ करून या पुढच्या वेळी, एवढंच म्हणाले.

आठवड्याभरात गिझर बाहेर अंगणात लावला. धोका संपला. आई काकांना म्हणाली, आता तुम्हीही गरम पाण्यानं आंघोळ करा. काका भर थंडीत अंगणातल्या नळाखाली आंघोळ करायचे. मला तो कंडक्टरी कणखरपणा वाटायचा. ते नको म्हणाले. मी फारच मागे लागलो, तेव्हा पंच्याची घडी घालत हळूच बोलले.

"तुमच्याकडं आवाज द्याले मानूस हाय. मी आत पडलो, तं कोनाले समजन? म्हनून उघड्यावर बरं."

काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा सुरतेला. एका अंगणात राहून हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. मी म्हटलं, जा तुम्ही, मी बसतो इथं.

काका आत गेले. जरा वेळानं भीतभीत कडी लागल्याचा आवाज आला. आता बोलायची काहीच गरज नव्हती. पण त्यांनी स्वतःच सुरुवात केली. आज वरणात मीठ जास्त झालं. गुडघ्याले तेल लावलं, फरक नाही. चष्मा सापडत नव्हता, उशीखाली निघाला. पोरगा फोन करीन म्हने रविवारी.

पाणी थांबलं. बादली उपडी केल्याचा आवाज आला. काका आत बोलतच होते, आणि मी बाहेर बसून हूं हूं म्हणत होतो.