चौदाव्या क्रमांकाचं गाणं

शुक्रवारी दुपारी नवी यादी आली तेव्हा निशिकांत दामले क्वीन्सटाउनच्या फ्लॅटमध्ये चार फोन समोर मांडून बसले होते. चारही फोनवर एकच गाणं चालू होतं आणि चारही फोनचा आवाज बंद होता.

गाणं जाईचं होतं. जाई म्हणजे त्याच शहरातल्या बुकित पंजांग भागात राहणाऱ्या सुबोध केळकरांची मुलगी. तिने गिटारवर एक इंग्रजी कंट्री पॉप गाणं रचलं, स्वतः गायलं आणि इंटरनेटवर टाकलं. इथल्या एका ऑनलाइन रेडिओच्या पहिल्या वीस गाण्यांत ते एकदम चौदावं आलं. पहिल्या दहांत गेलं, तर तिला हार्बरफ्रंटला उघड्यावरच्या कार्यक्रमात गायला मिळणार होतं. आणि क्रम ठरत होता तो गाणं किती वेळा वाजलं यावरून.

मराठी ज्येष्ठांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरलं की आपल्या मुलीला वर न्यायचं. काम निशिकांतरावांकडे आलं. आयुष्य ग्रंथालयात गेल्यामुळे ते नीटनेटकं करतील, असा सगळ्यांचा समज होता. त्यांचा स्वतःचा तसा नव्हता. जाईला फोन करून लिंक मागायचाही त्यांना संकोच वाटला. त्यांनी ती यादीतूनच काढली, ग्रुपवर टाकली, एकेचाळीस जणांचं वेळापत्रक केलं आणि खाली लिहिलं, "दुपारी विश्रांती घेणाऱ्यांनी आवाज बंद ठेवण्यास हरकत नाही. मोजणीत फरक पडत नाही."

ही सूचना सर्वांना फारच पटली. संध्याकाळपर्यंत ग्रुपवर कौतुक सुरू झालं. "काय गळा आहे पोरीचा!" "डोळ्यांत पाणी आलं." निशिकांतरावांच्या पत्नीने, सुलेखाबाईंनी लिहिलं, "जाई, दिवसभर तुझाच आवाज कानांत असतो." निशिकांतरावांना जरा अपराधी वाटलं. पण ग्रंथालयातली सगळी पुस्तकं आपण कुठे वाचली होती, असं म्हणून त्यांनी मनाची समजूत घातली.

अकरा दिवसांनी, त्या शुक्रवारी आलेल्या नव्या यादीत जाई सतरावी होती.

"सुलेखा, इकडे ये जरा. एकेचाळीस माणसं लावली आणि पोरगी खाली गेली."

"यंत्रात काहीतरी असेल. पहिलं कोण आलंय?"

"गेल्या वेळी तेरावं होतं ते."

बोलता बोलता त्यांनी यादी पुन्हा पाहिली. तेरावं म्हणजे जाईच्या बरोबर वरची ओळ. त्यांनी एका फोनचा आवाज हळूच वाढवला. भरदार, घोगऱ्या आवाजात कोणीतरी आपल्या जुन्या ट्रकची आठवण काढून कळवळून गात होतं.

"हा तर पुरुष आहे," निशिकांतराव म्हणाले.

"कोण?"

"जाई."

सुलेखाबाई खुर्चीत बसल्या. "म्हणजे तुमचं बोट भलत्याच ओळीवर पडलं?"

"पडलं."

"आणि मी त्या माणसाच्या आवाजाची स्तुती केली?"

"तू एकटीच नाहीस. डोळ्यांत पाणी बऱ्याच जणांच्या आलं होतं."

हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. दोघं एमआरटी मेट्रोने आणि मग एलआरटीच्या छोट्या गाडीने बुकित पंजांगला गेले. वाटेत निशिकांतरावांनी माफीची तीन वाक्यं मनात तयार केली आणि तिन्ही खोडली. दार सुबोधने उघडलं. जाईची आई स्मिता ऑफिसातून यायची होती, म्हणून सुलेखाबाई चहा टाकायला तडक आत गेल्या. खरं म्हणजे त्यांना समोर थांबायचं नव्हतं.

"सुबोध, जाईची संधी माझ्यामुळे गेली," निशिकांतरावांनी सांगितलं. "मी सगळ्यांना दुसऱ्याचंच गाणं दिलं. तिची माफी मागायला आलोय."

सुबोधने जाईच्या खोलीच्या बंद दाराकडे पाहिलं. "हळू बोला, काका. तिला काही सांगू नका."

"पण चूक माझी आहे."

"तुमची आहे हो. पण मीही तुमचीच लिंक वापरली. ऑफिसच्या दोन कॉम्प्युटरवर, अकरा दिवस."

"तुला तरी आवाज ओळखू यायला हवा होता."

"ऑफिसात आवाज कसा लावणार?" सुबोधची मान खाली गेली. "रोज संध्याकाळी तिला सांगायचो, आज बारा वेळा ऐकलं म्हणून."

दार उघडलं. जाई चौकटीला टेकून उभी होती.

"आजोबा, तुमच्या त्या ग्रुपची ॲडमिन मीच आहे. सगळ्यांचे फोन मीच सेट करून दिले होते. लिंक मी पहिल्याच दिवशी बघितली."

"मग बोलली का नाहीस, बाळ?" निशिकांतरावांनी विचारलं.

"म्हटलं, कोणीतरी सांगेल, हा बाप्या गातोय म्हणून. रोज वाट बघायची. एकोणतीस जणांनी लिहिलं, माझा आवाज गोड आहे." ती हसली, पण नीट हसता आलं नाही. "म्यूट करून दहावी येण्यापेक्षा सतरावी ओके ला, आजोबा," ती इथल्या पोरांच्या बोलीत म्हणाली.

निशिकांतरावांनी खिशातला फोन काढून बंद केला.

"आता ऐकवशील का?" त्यांनी विचारलं. "तुझं."

जाईने गाणं लावलं. निशिकांतराव आणि सुबोध शाळेतल्या मुलांसारखे ताठ बसले. गाणं एलआरटीत डुलक्या घेत घरी येणाऱ्या एका आईबद्दल होतं. निशिकांतरावांना सगळे शब्द कळले नाहीत. सुबोधला कळले असावेत, कारण तो चष्मा पुसू लागला.

तेवढ्यात चहाचा ट्रे घेऊन सुलेखाबाई बाहेर आल्या आणि टीव्ही बंद दिसल्यावर इकडेतिकडे बघू लागल्या.

"कोण गातंय गं हे?" त्यांनी जाईला विचारलं. "ही खरंच छान गाते."

निशिकांतरावांनी डोळे मिटून घेतले. जाईने हात पुढे करून आवाज थोडा वाढवला.