चौतीस इंचांवरची माशी

माझ्या मोठ्या मुलीच्या लग्नात नत्थूभाऊंनी सगळ्या वऱ्हाडादेखत वरणाला सात गुण दिले.

"सात," पहिला घास गिळून त्यांनी जाहीर केलं. "खाली, डावीकडे."

वाढणारा आचारी बादली घेऊन तिथंच थबकला. "डावीकडे म्हंजे काय गा भाऊ? मीठ कमी हाये का?"

"मीठ बरोबर हाये. शेवटी तुही घाई झाली. झटका मारला तू."

आचारी माझ्याकडे पाहू लागला. खरी गोष्ट अशी, की वऱ्हाडाची गाडी दीड तास आधी आली होती आणि वरण उतरवताना त्यानं घाई केली होतीच. पण हे नत्थूभाऊंना कुणी सांगितलेलं नव्हतं.

नत्थूभाऊंचं मोहाडीत बाजाराच्या रस्त्यावर पितळी भांड्यांचं दुकान होतं आणि दुकानामागं घर. मी तहसील कचेरीत कारकून. आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत. त्यांची मुलगी रायपूरला दिल्यावर त्या घरात नत्थूभाऊ आणि राधावयनी अशी दोनच माणसं उरली. तिसरं पिस्तूल.

ते आलं चौऱ्याहत्तर साली. नाकाडोंगरीकडच्या खाणीतले एक साहेब नोकरी सोडून निघाले होते आणि सामान विकत होते. नत्थूभाऊ त्यांच्याकडे एक जुनं घंगाळ पाहायला गेले. घंगाळ त्यांना पसंत पडलं नाही. संध्याकाळी ते परतले तेव्हा पिशवीत एक हवेचं पिस्तूल, छर्ऱ्यांचे चार डबे, छापील निशाणांची पन्नास कार्डं आणि नियमांचं एक इंग्रजी पुस्तक होतं. ठाण्यातला हवालदार येऊन पाहून गेला. "याच्यानं चिमणी त मरंल का?" असं विचारून त्यानं चहा घेतला आणि पुन्हा कधी आला नाही.

इंग्रजी पुस्तक वाचून दाखवायला मला बोलावलं. चाळीस गोळ्या, प्रत्येकीला जास्तीत जास्त दहा गुण, एकूण चारशे. मधला दहाचा गोल बारा मिलिमीटरचा. भोक रेषेला टेकलं तर वरचा आकडा, न टेकलं तर खालचा. अंतर दहा मीटर. हे शेवटचं वाक्य वाचल्यावर मी घरून टेप आणली. मागच्या भिंतीला तुसानं ठासून भरलेलं पोतं, त्यावर कार्ड, आणि तिथून आंगण ओलांडून स्वयंपाकघराचा उंबरा. भरले नऊ मीटर सत्तर सेंटिमीटर.

"एवढ्यानं काय होते बाबूजी?" नत्थूभाऊ म्हणाले.

"काही होत नाही," मी म्हणालो. "पण नऊ सत्तरवरचे गुण मी वहीत लिहिणार नाही."

तेव्हा उरलेले तीस सेंटिमीटर उंबऱ्याच्या आत मोजले आणि गेरूनं रेघ ओढली. ती नेमकी राधावयनींच्या चुलीशेजारी आली. पुढची अकरा वर्षं दर रविवारी सकाळी आठ वाजता नत्थूभाऊ त्या रेघेवर आडवे उभे राहत. उजवा हात आंगणाकडे ताठ, डाव्या डोळ्यावर पुठ्ठ्याची टिकली, आणि डावीकडे हातभर अंतरावर चुलीशी वयनी. नियमांच्या पुस्तकात पंचांनी द्यायचे बरेच हुकूम होते. आमच्याकडे एकच होता. वयनी तेल तापलं की ओरडत, "फोडणी!" आणि नत्थूभाऊ पिस्तूल खाली घेऊन खोकून येत.

आठवड्याच्या बाकीच्या दिवशी ते नुसता हात धरायचा सराव करत. पिस्तुलाचं वजन मी त्यांच्याच तराजूत केलं, ते किलोला वीस ग्रॅम कमी भरलं. म्हणून दुकानात ते किलोचं माप मुठीत धरून हात सरळ ठेवून उभे राहत. गिऱ्हाईक पाण्याच्या पितळी गुंडाचा भाव करी आणि हे न हलता भाव सांगत. शेजारच्या म्हातारीनं कुणाकडून तरी ऐकलं, की नत्थूभाऊ नेम धरून उभे असतात. तिला वाटलं, चातुर्मासातला नेम असेल. ती नारळ घेऊन आली.

"किती दिवसांचा नेम हाये रे बापू?"

"तीनशे चाळीसचा," नत्थूभाऊ म्हणाले.

म्हातारीनं दोन्ही हात जोडले. नत्थूभाऊंनी नारळ ठेवून घेतला. दुसऱ्या दिवशी त्याच्या चटणीला नऊ गुण पडले.

ते तीनशे चाळीस काय होतं, ते सांगायला पाहिजे. नागपूरला दरवर्षी एक स्पर्धा होई. तिच्यात ज्याचे तीनशे चाळीस होत त्याला पुढे पुण्याला पाठवत. नत्थूभाऊंना पुण्याची काही ओढ नव्हती. इतके मैल जाऊन तिथंही दहाच मीटर असणार, असं ते म्हणत. त्यांना तो आकडा पाहिजे होता. "एकडाव तीनशे चाळीस," ते म्हणत. "मंग पिस्तूल ठेवून देईन." राधावयनी चुलीकडून म्हणत, "आन कुठी ठेवान? हात त तसाच ऱ्हाईल."

गुण मी लिहीत असे. छापील कार्डं पहिल्याच वर्षी संपली, मग परकार घेऊन मीच कार्डं काढू लागलो. पहिल्या रविवारचे गुण एकशे सत्याऐंशी, त्यात सहा छर्रे कार्डाबाहेर, एक वयनींच्या वाळत घातलेल्या कुरोड्यांत. तीन वर्षांनी दोनशे ऐंशी. ब्याऐंशी साली तीनशे बत्तीस. रेषेवरून आमची भांडणं होत. मी भिंग लावी, ते म्हणत, "टेकलं ना जी!" मी म्हणे, "टेकलं नाही." दोन-दोन दिवस बोलणं बंद राही. तिसऱ्या दिवशी वयनी भिंतीवरून वाटी देत आणि प्रकरण मिटे.

मात्र एका गोष्टीत मी त्यांना मानत असे. गोळी सुटताच, कार्ड पाहायच्या आधी, ती कुठं गेली हे ते सांगत. "आठ, वर." "नऊ, उजवीकडे." दहातल्या आठ वेळा बरोबर. यातूनच ती गुण द्यायची सवय लागली आणि दुकानाबाहेर पडून गावभर झाली. हेडमास्तरांच्या झेंडावंदनाच्या भाषणाला त्यांनी "नऊ, नऊ, आठ, शेवटची कार्डाबाहेर" असे गुण दिले. माझ्या जावयाला आठ दिले. मी जरा खट्टू झालो, तर समजूत घातली, "पण घोळका घट्ट हाये बाबूजी. चुकंल त रोज एकाच जागी चुकंल. अशा मानसाले सुधरवता येते."

ब्याऐंशीनंतर आकडे उतरू लागले. तीनशे सव्वीस, तीनशे एकोणीस, तीनशे अकरा. मी आलेखाच्या कागदावर मांडून पाहिले. हात पूर्वीइतकाच स्थिर होता, कारण भोकं डावी-उजवीकडे पसरत नव्हती. वर-खाली पसरत होती.

"माशी दिसत नायी आता," नत्थूभाऊ एका रविवारी म्हणाले.

"घरभर माश्या हायेत," राधावयनी म्हणाल्या. "तुमाले एक दिसत नायी?"

नळीच्या टोकावर नेम धरण्यासाठी जो लहानसा उंचवटा असतो, त्याला माशी म्हणतात. बाहेरच्या माणसाला वाटतं, नेमबाज निशाणाकडे पाहतो. तसं नाही. डोळा माशीवर ठेवायचा, माशी लख्ख दिसली पाहिजे, निशाण मागं धुकट दिसलं तरी चालतं. नत्थूभाऊंचं उलटं झालं होतं. त्यांना दहा मीटरवरचं कार्ड लख्ख दिसे आणि हातातली माशी विरघळून जाई. वय अठ्ठेचाळीस.

मी टेप आणली. त्यांना रेघेवर उभं केलं आणि डोळ्यापासून माशीपर्यंत मोजलं. चौतीस इंच. तीनदा मोजलं. मग आम्ही दोघं भंडाऱ्याला चष्मेवाल्याकडे गेलो.

"जवळचा पायजे का दूरचा?" त्यानं विचारलं.

"चौतीस इंचाचा," नत्थूभाऊ म्हणाले.

"चाळिशी लागली तुमाले. वाचायचा देतो ना."

"वाचायचं नायी मले."

"मंग चौतीस इंचावर काय पायता तुमी?"

"माशी."

चष्मेवाल्यानं माझ्याकडे पाहिलं. मी नीटनेटके कपडे केलेला कारकून, त्याला माझा भरवसा वाटला असावा. मी म्हणालो, "एकच आहे. आणि ती हलायला नको." त्यानं पुढं काही विचारलं नाही, टेपेच्या टोकाला पेन्सिल धरून काचा बदलत राहिला. आठ दिवसांनी चष्मा आला. तो लावून ना पेपर वाचता येई, ना रस्ता दिसे. नत्थूभाऊ दुकानाच्या पायरीवरून एकदा पडलेसुद्धा. पण महिनाभरात तीनशे तीस पुन्हा आले, आणि आम्ही नागपूरच्या स्पर्धेला नाव पाठवलं.

नागपूरच्या त्या हॉलमध्ये इतकी शांतता होती, की नत्थूभाऊ सुरुवातीला बावरले. पहिल्या पाच गोळ्या त्यांनी फोडणीची वाट पाहत मारल्या असाव्यात, एकदा तर उगाच खोकले. मग त्यांचा जम बसला. प्रत्येक गोळीनंतर कार्ड दोरीवरून परत येई आणि मी मागच्या बाकावर बेरीज करी. एकोणचाळीस गोळ्यांचे तीनशे एकतीस झाले. एक गोळी उरली होती, नऊ गुण पाहिजे होते.

नत्थूभाऊंनाही बेरीज येत होती. त्यांनी हात उचलला आणि खाली घेतला. पुन्हा उचलला, पुन्हा खाली घेतला. असं चार वेळा. शेवटी श्वास रोखून दम धरला. दम धरल्यावर फोडणीशिवाय त्यांना जगातलं काही ऐकू येत नसे, हे मला घरचं माहीत होतं. गोळी सुटली.

"आठ," नत्थूभाऊ पिस्तूल ठेवत म्हणाले. "वर."

कार्ड आलं. भोक नऊच्या रेषेच्या अगदी जवळ होतं. पंचांनी भोकात मापाची सळई घातली, भिंग लावलं, शेजारच्या पंचांना बोलावलं. मीही कठड्याशी गेलो. अकरा वर्षं ज्या रेषेवरून मी भांडलो, तिच्याकडे त्या दिवशी पहिल्यांदा मान वाकडी करून पाहिलं, डावीकडून, उजवीकडून. पण कुठूनही टेकेना. आठच. तीनशे एकोणचाळीस.

आजवरच्या त्यांच्या सर्वांत चांगल्या आकड्यापेक्षा हे सात जास्त होते. ते मी त्यांना बसमध्ये दोनदा सांगितलं. त्यांनी चिवड्याला नऊ गुण दिले आणि झोपी गेले. घरी वयनी दारातच उभ्या होत्या.

"किती जी?"

"तीनशे एकोणचाळीस."

"मंग एक कुठी ठेवला?"

"वर गेला."

पुढच्या रविवारी आठ वाजले, सव्वाआठ वाजले. भिंतीपलीकडून आवाज नाही. तुसात शिरणाऱ्या छर्ऱ्याचा टप्प नाही आणि फोडणीची हाकही नाही. साडेआठला माझी बायको म्हणाली, "जाऊन या जी एकडाव. मनाले लागलं असंल भाऊच्या." मी गेलो.

दोघं आंगणात समोरासमोर बसली होती. मध्ये सूप, सुपात तांदूळ. निवडत होत्या वयनी. नत्थूभाऊंचे हात मांडीवर होते आणि डोळ्यांवर तो चष्मा होता.

"आज चष्मा काहून?" मी विचारलं. "पिस्तूल तर दिसत नाही."

"पिस्तूल दुपारी काढीन," ते म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. "हिचं तोंड बरोबर चौतीस इंचावर येते बाबूजी. मोजलं मी."

"सकाळपासून असेच पाहून राहिले," वयनी म्हणाल्या. "काम करू देत नायी." त्यांनी पदर ओढला, पण हसू आलंच.

"हा दात कवा तुटला व?" नत्थूभाऊंनी विचारलं.

"कोणता?"

"वरचा."

"त्याले झाले चार वर्सं. सुपारीनं तुटला."

"मले सांगतलं नायी?"

"सांगतलं ना जी. दोनदा सांगतलं. तुमी दम धरून उभे होता."

नत्थूभाऊंनी सूप उचललं आणि बाजूला ठेवलं.

"आनखी काय काय सांगतलं होतं?"

"बाप्पा! अकरा वर्साचं सांगू का आता?"

"सांग."

वयनींनी माझ्याकडे पाहिलं, चहा घेता का म्हणून विचारलं. मी नको म्हणालो आणि मागं फिरलो. दार ओढून घेताना त्यांचं सुरू झालं होतं, "पहिले त करडी गावाले माह्या भावानं घर बांधलं, त्याचं..." आणि नत्थूभाऊ म्हणत होते, "थांब, घाई नोको करू. त्याचं काय?"