सावंतांनी कक्षा सोडली

आमच्या घोडपदेवच्या चाळीत पाण्याची वेळसुद्धा कवितेत कळते. जिन्याखालच्या फळ्यावर परबकाका लिहीत:

उद्या पाणी पहाटे साडेपाच ते साडेसहा.
हे मंगळवासी, तू मात्र कोरडाच राहा.

परबकाका विज्ञानकवी आहेत. हे त्यांनी दारावरच्या पाटीवर लिहिलंय, म्हणून आम्हाला माहीत. दादरच्या एका शाळेच्या प्रयोगशाळेत त्यांनी नोकरीभर परीक्षानळ्या धुतल्या. त्यातून जेवढं विज्ञान अंगाला लागलं, तेवढ्यावर त्यांनी अख्खी आकाशगंगा वेठीला धरली. ‘कृष्णविवरातले कांदेपोहे’ हा संग्रह स्वखर्चाने काढला आणि चाळीतल्या प्रत्येक लग्नात आहेर म्हणून दिला. माझ्याकडे तीन प्रती आहेत. एक शिलाई मशीनच्या पायाखाली आहे, आणि मशीन आता अजिबात हलत नाही.

‘शास्त्राला धरून बोल’ हे त्यांचं पालुपद. आज उकडतंय म्हटलं तरी, “शास्त्राला धरून बोल. सूर्याच्या मानाने ही थंडीच.” शेजारच्या बारशाला त्यांनी मुलीचं नाव ‘उल्का’ सुचवलं, इथवर ठीक होतं. मग उल्का जळत जळत खाली कशी येते, यावर सोळा कडवी म्हटली. मुलीची आजी उठून आत गेली.

एवढं होऊनही फळा त्यांच्याकडेच होता, कारण अक्षर सुंदर. सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते लिहायला उतरत. खडू खिशाला पेनासारखा लावलेला. त्यांचं दुसरं कोणी नव्हतं. दिवसाचं काम म्हणजे हा फळा.

आणि तोच त्यांनी घालवला. आमचे जुने शेजारी सावंत गुडघ्यांपायी तिसरा मजला सोडून मुलाकडे बदलापूरला गेले होते. एका सकाळी फळ्यावर होतं:

आपल्या सावंतांनी आज पृथ्वीची कक्षा सोडली.
प्रस्थान दुपारी बारा. तळ : बदलापूर.

चाळीतलं माणूस कुठेही गेलं तरी त्याला पोचवायला आम्ही टेम्पो करून जातो, ही इथली रीत. त्या दिवशी कोणी गेलं नाही. सगळ्यांना ती कविताच वाटली. मी तर हसत हसत कामाला गेलो. संध्याकाळी परबकाका एकटेच परतले आणि खोलीत न शिरता नळावर कपड्यांसकट आंघोळीला बसले, तेव्हा चाळीला उलगडा झाला.

मी चाळीचा चिटणीस. बैठकीत सर्वांत जास्त मीच ओरडलो. “सरळ ‘वारले’ लिहायला काय झालं होतं?”

“शास्त्राला धरून नाही ते,” परबकाका शांतपणे म्हणाले. “वस्तुमान नष्ट होत नाही.”

मी हात पुढे केला. त्यांनी खिशातला खडू काढून दिला आणि रिकामा खिसा उगाच दोनदा चाचपला. दुसऱ्या दिवसापासून फळा मी लिहू लागलो. माझं अक्षर कोणालाच लागेना.

आठवड्याने सावंतांच्या मुलाचा फोन आला. “परबकाकांनी स्मशानात कविता वाचली ना, ती आईला पाहिजे. मागून देशील?”

परबकाका घरात नुसतेच बसले होते. शर्ट इस्त्रीचाच होता. मी निरोप सांगितला, तशी त्यांनी एक वही पुढे केली. तीत एक ग्रह होता आणि त्या ग्रहावर आमची चाळ, खोल्यांच्या नंबरांसकट. इथून गेलेलं एकेक माणूस आपापल्या खोलीत.

खोली अठरा, सावंत. इथे जिना नाही. गुडघ्यांनो, बसा निवांत.

मी पान उलटलं.

खोली एकवीस. इथल्या हवेत कापूस नाही. शंकर आज एकदाही खोकला नाही.

शंकर म्हणजे माझे बाबा. गिरणीत कापसाचं तूस खाऊन खाऊन त्यांची छाती गेली. शेवटची दोन वर्षं तो खोकला सगळा मजला ऐकत होता. मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही.

खोली बावीसपुढे एवढंच होतं: कुलूप.

“ही कोणाची?”

“माझी,” परबकाका म्हणाले आणि एकदम गावच्या मालवणीवर आले. “मी खंय वर गेलंय अजून? सगळे थंय जमले, मी हयच.”

मी खाली जाऊन खडू घेऊन आलो. “काका, चुकलं माझं. उद्या फळ्यावर बाबांची खोली लिहा.”

दुसऱ्या दिवशी लोक फळ्यापुढे थांबून वाचत होते. परबकाका खडू हातात धरून बाजूला उभे होते, परीक्षेला बसल्यासारखे. राणेवहिनींचे यजमान दोन वर्षांपूर्वी गेले. वहिनी हळूच पुढे आल्या. “भावोजी, आमच्या ह्यांची खोली आहे का हो तिथे?”

“आसा तर. चोविसावी. खिडकीत पेपर वाचत बसलेत.”

“चष्मा दिलायत ना?”

“आता लिहितो,” परबकाका म्हणाले, आणि वही आणायला जिना चढू लागले.