तीन घरी जेवणारा प्रोग्रॅम

सौंसर भागातली लग्नाची सगळी मुलं मी एका दुपारी नाहीशी केली. मुली तेवढ्या राहिल्या.

मुलं कॉम्प्युटरमधली होती म्हणून पोलीस आले नाहीत. पण तो कॉम्प्युटर फुला मावशीचा होता, आणि तिच्यापेक्षा पोलीस परवडले असते. तिचा फोन आला तेव्हा मी पांढुर्ण्यात घरी बसून पोळीचा पहिला घास तोंडात घालत होतो.

"बाबू, मोहगाव साफ. तिगाव साफ. सौंसरात एक नवरदेव शिल्लक नाही. पोरी तेवढ्या लायनीनं बसून हाय. काय करून ठेवलं बे तू?"

पंचफुला मावशी माझ्या आईची धाकटी बहीण. जन्मभर एका शाळेच्या ऑफिसात आधी टायपिंग केलं, मग कॉम्प्युटर केला, मग रिटायर झाली. मावसाजी गेल्याला बरीच वर्षं झाली. आता ती सौंसरच्या घरी, पुढच्या खोलीत बसून लोकांची लग्नं जुळवते, तीही फुकट. आलेल्या माणसाकडून ती चहाचा कप विसळून घेते, तेवढीच तिची फी. "कप कसा विसळते त्यावरून बाप कळते, अन् बापावरून पोरगा," असं तिचं शास्त्र आहे.

या धंद्याचा तिच्यावर एवढा परिणाम झाला आहे की तिला जगात स्थळाशिवाय दुसरं काही दिसतच नाही. नवीन कुकर घेतला तरी पहिली शिट्टी होईपर्यंत ती समोर स्टूल टाकून बसते, आणि मग निकाल देते. "आवाज मोठा हाय, पण मनानं साफ." दाताच्या डॉक्टरला तिने तोंड उघडं ठेवूनच नापास केला होता.

कॉम्प्युटरमध्ये नवीन प्रोग्रॅम आला की त्याची रीतसर पाहणी होते. आधी चष्मा पुसायचा. मग प्रोग्रॅम उघडायचा आणि उघडायला किती वेळ लागतो ते पाहायचं. "घोड्यावरून उतरून राहिला वाटते अजून." मग प्रोग्रॅमची खिडकी डोक्याला धरून इकडून तिकडे ओढायची. मग दोन अक्षरं लिहून पुसायची आणि पुसलेली परत मागायची. शेवटी राइट क्लिक. तिच्या मते राइट क्लिकमध्ये प्रोग्रॅमचं सगळं खानदान कळतं.

एवढ्या परीक्षेतून फारसं कोणी सुटत नाही. गप्पा मारायचा तो हिरवा प्रोग्रॅम फोन दाखवल्याशिवाय उघडेना, तेव्हा ती म्हणाली, "रोजचा येणारा माणूस, अन् रोज मलेच ओळखपत्र मागते!" दुसरा एक नुसता उघडल्याबरोबर कॉम्प्युटरचा पंखा थ्रेशरसारखा घरघरायला लागला. "काम नाही, धाम नाही, बसल्याबसल्या खाते किती हा!" त्याच्यावर राइट क्लिक केलं तर आतली कोडची जंत्री बाहेर आली. मावशीने पदर नाकाला लावला. "बाप्पा! आतडे दाखवून राहिला."

हे सगळे मी लिहितो तसल्या जातीचे प्रोग्रॅम. एकदा लिहा, विंडोजवर चालवा, मॅकवर चालवा, कुठेही चालवा. नागपूरच्या एका कंपनीसाठी मी घरी बसून हेच करतो. मावशीला हे फार अभिमानाने समजावून सांगितलं, तेव्हा तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे तीन घरी जेवते, अन् एकाही घरी ताट उचलत नाही," ती म्हणाली.

तिचा स्वतःचा प्रोग्रॅम फार जुना होता. करडा, चौकोनी, दिसायला वीज बिलासारखा. पण तिचा हात त्यात स्वयंपाकघरात फिरावा तसा फिरायचा. न पाहता. अशी बाई एक दिवस मलाच म्हणते, "बाबू, माह्या नवरदेव-नवरींसाठी एक नवीन करून देजो. पण दोन्हीकडं चालला पाहिजे. माह्या डब्ब्यावर, अन् रश्मीच्या लॅपटॉपवर."

कशासाठी, ते मी विचारलं नाही. मला वाटलं, शेवटी मावशीला विज्ञान पटलं.

रश्मी तिची सून. बिलासपूरची. साऱ्या तालुक्याला स्थळं पुरवणाऱ्या मावशीच्या अमोलने स्वतःचं स्थळ स्वतःच शोधलं, यावर सौंसरच्या बस स्टँडवर दोन उन्हाळे पुरतील एवढे विनोद झाले. अमोल गुजरातेत कारखान्यात. रश्मीची बँकेतली नोकरी, तिला सौंसरचीच शाखा मिळाली, आणि सासू-सून दोघीच घरात राहू लागल्या. पहिल्या महिन्यात दोघी एकमेकींशी भाडेकरूंसारख्या बोलायच्या. मग रश्मी बँकेतून आली की स्टूल ओढून कॉम्प्युटरपाशी बसायला लागली. संत्र सोलायची, एक फोड स्वतःला, एक मावशीला, आणि पडद्यावरच्या पोरांना नावं ठेवायची.

"आई, इसमें तो लडके से ज्यादा मोटरसायकल दिख रही है."

"अन् हे वाच. निर्व्यसनी. कंसात, खर्रा सोडून."

दोघी इतक्या हसायच्या की शेजारचे डोकावून जायचे. मीही हे पाहिलेलं आहे. पाहून मी काय निष्कर्ष काढला? की पडद्यावरची अक्षरं जरा मोठी करायला हवीत.

तर प्रोग्रॅम मी लिहिला, माझ्या मॅकवर. रश्मीचा लॅपटॉपही मॅकच, तिच्या भावाने दिलेला. मावशीकडे विंडोज. आता या दोन घराण्यांत एक जुनं वैर आहे. विंडोजवाल्यांकडे 'हो' डावीकडे आणि 'नाही' उजवीकडे. मॅकवाल्यांकडे नेमकं उलट. मावशीचा जुना प्रोग्रॅम बंद होताना रोज विचारायचा, यादी साफ करायची काय? मावशी रोज न पाहता उजवीकडचं 'नाही' दाबून भाजी ढवळायला जायची. मी तो प्रश्न नव्यातही ठेवला, तिला घरचं वाटावं म्हणून. बटणं मात्र माझ्या मॅकच्या रीतीने ठेवली. मावशीने उजवीकडचं दाबलं. तिथे आता 'हो' बसला होता. समोर मुलांची यादी उघडी होती. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

सगळी मुलं जुन्या प्रोग्रॅममध्ये सुखरूप होती, म्हणून मी आज हे लिहू शकतो. ती परत आणायला मी धावत सौंसरला गेलो, तेव्हा मावशीने चहा दिला नाही. सौंसरमध्ये याला शिक्षा म्हणतात.

"मावशी, चालतो तर ना दोन्हीकडं?"

"चालते. पण घरचा नाही वाटत. पाव्हणा आला अन् आपल्याच घरात आपल्याले सांगून राहिला, संडास इकडं हाय."

हे मला लागलं. खरं तर आम्हा मध्य प्रदेशातल्या सौंसर-पांढुर्ण्याच्या मराठी माणसांना हे दुखणं कळायला पाहिजे. नागपूरला गेलो की आम्ही 'एमपीवाले', भोपाळला गेलो की 'मराठी लोग'. चालतो दोन्हीकडे, पण बोलताना कुठेतरी बटण उलटं लागतंच. मी तिथेच शपथ घेतली की असा प्रोग्रॅम करीन, जो विंडोजवर विंडोजचा मुलगा वाटेल आणि मॅकवर मॅकचा.

आणि केला. कंपनीच्या कामाला दांड्या मारून केला. मावशीकडे 'हो' डावीकडे, रश्मीकडे उजवीकडे. मावशीकडे बंद करायची फुली वर उजव्या कोपऱ्यात, रश्मीकडे लाल गोळी वर डाव्या कोपऱ्यात. मेनू वेगळे, फाइल उघडायची खिडकी वेगळी. यादी तेवढी एकच, एकीकडे भरलेला पोरगा दुसरीकडेही दिसेल. जिथे जाईल तिथल्या रीतीने ताट उचलेल, असा.

बँकेत कधीची चाललेली रश्मीची जबलपूरची बदली याच दिवसांत पक्की झाली. मी विषय काढला तर मावशी म्हणाली, "नोकरी हाय तिची. जाईनच पोरगी." आणि मला विचारलं, "तुहा प्रोग्रॅम कधी होते?" मला बरं वाटलं. माणसाच्या कामाची कोणीतरी वाट पाहतंय. रश्मी जायच्या आदल्या दिवशी तिच्या लॅपटॉपमध्ये मी प्रोग्रॅम टाकून दिला, मावशीच्या कॉम्प्युटरमध्येही टाकला. मावशीने पाहणी केली. ओढलं, पुसलं, परत मागितलं, राइट क्लिक केलं. मान हलवली. "आता वाटते घरचा." मी पांढुर्ण्याच्या बसमध्ये खिडकीपाशी बसून स्वतःशीच हसत आलो. कंडक्टरने दोनदा तिकीट विचारलं.

त्यानंतरच्या एका रविवारी फोन आला. "ये. तुहा प्रोग्रॅम चालून नाही राहिला."

गेलो. मावशी कॉम्प्युटरपुढे, फोन स्पीकरवर टाकून डब्याला टेकवलेला. फोनमध्ये रश्मी.

"बेटा, मोहगावचा पोरगा भरला ना? आता 'ठेवायचा काय?' विचारते, तं डावीकडचं दाब."

"दबाया आई. फिर से सब चला गया."

"कसं गेलं? डावीकडं तं 'हो' हाय!"

"मेरे यहाँ लेफ्ट में 'नाही' है, आई."

"बरं, राहू दे. वर उजवीकडं फुली हाय, थे बंद कर, नवीन उघड."

"फुली नहीं है. लाल गोली है. इधर, लेफ्ट में."

मोहगावचा तो बिचारा सकाळपासून तीनदा भरला गेला होता आणि तीनदा पुसला गेला होता. मी पुढे झालो, घसा साफ केला, आणि दोघींना मोठ्या मनाने समजावलं की हा बिघाड नाही, हीच तर गंमत आहे. ज्याच्या त्याच्या मशीनवर ज्याला त्याला घरचं वाटावं म्हणून मी मुद्दाम दोन्हीकडे वेगळं ठेवलं आहे.

मावशीने चष्मा काढला.

"तुले कोणं सांगतलं होतं वेगळं कराले?"

"तूच! घरचं वाटत नाही म्हणून."

"मले घरचाच पाहिजे असता तं माहा जुना काय वाईट होता? नवीन कायले मागतला असता मी?"

तेव्हा माझं लक्ष तिच्या पडद्याकडे गेलं. वर डाव्या कोपऱ्यात, जिथे विंडोजचं काहीही नसतं, तिथे काचेवर एक लाल टिकली चिकटवलेली होती.

"हे काय?"

"तिची गोळी तिथं राहते ना." मावशी जरा ओशाळली. "म्हणलं, मले ध्यानात राहीन, तिले काय दिसून राहिलं थे."

मावशीने आवाज उतरवला, जणू रश्मीला ऐकू जाणार नव्हतं.

"नुसता फोन लावला तं काय बोलू रे तिच्याशी? जेवली काय, हो जेवली. झालं. अमोलचं तं त्याहून कमी. पोरं समोर असली का घंटाभर बोलतो आम्ही. पण दोघीले एकच दिसलं पाहिजे. मी इकडं म्हणलं इकडं, तं तिलेही इकडं."

"मग तिच्याकडचं तुझ्यासारखं करू?"

"नको. तिले दिवसभर त्या मशीनीवर काम कराचं राहते, तिचा हात बिघडन. माह्याकडं तिच्यासारखं कर."

"मावशी, म्हणजे माझा पहिलाच प्रोग्रॅम! ज्याने सगळी पोरं खाल्ली तो!"

"तोच."

"आणि तुझा हात? इतक्या वर्षांची सवय?"

"शिकन हात. नाही शिकला तं पोरं जाईन दोनचार. नवीन येते."

मी बसलो आणि महिन्याभराची मेहनत तिथल्या तिथे उलटी फिरवली. 'हो' उजवीकडे गेला. फुली टिकलीखाली जाऊन बसली. मावशीने पुढे वाकून पाहिलं, पाहणी वगैरे काही केली नाही.

"बेटा, आता पाह्य. उजवीकडचं दाब."

"हो गया, आई! आ गया!"

"माह्याकडंही आला. पाहतं का, मोटरसायकल घेऊनच आला हा बी."

रश्मी हसायला लागली. मग मावशी. मग मोहगावच्या पोराच्या मिशांवर चर्चा झाली, मिशांवरून अमोलवर, अमोलवरून जबलपूरच्या पाण्यावर, आणि पाण्यावरून रश्मीने आज फक्त मॅगी खाल्ली आहे यावर. मावशीने खुर्ची पडद्याच्या आणखी जवळ ओढली. मी पाठीमागे उभा राहिलो, शाबासकी मिळेल म्हणून. बऱ्याच वेळाने फोनमधून आवाज आला.

"आई, भैया चले गए क्या?"

मावशीने मागे वळूनही पाहिलं नाही.

"इथंच उभा हाय बेटा. याले बंद कराचं बटन कुठं हाय, थे मले आजपावतो नाही सापडलं."