नापास गाडीवरील स्वारीची कैफियत

ज्यास वस्तूची निकड आहे त्याणे तीत खोट काढावी, आणि ज्यास ती घरातून काढावयाची आहे त्याणे तिचे गुण गावे, हा बाजाराचा पुरातन दंडक. यात दोहीं पक्षी असत्य असोन त्यास कोणी पातक म्हणत नाही. परंतु खोट काढणे हाच ज्याचा जन्माचा व्यवसाय, त्यास गरज कोठे संपली आणि सवय कोठे लागली याची शुद्ध राहत नाही. ऐसे पुरुषाचे हातून भल्या माणसाचा अवमान कैसा घडतो, आणि घडलियावर त्याचे निवारण कोण करितो, हे पुढिलांस कळावे म्हणोन एका शनिवारच्या सकाळचे वर्तमान येथे विस्तारे लिहिले असे.

राजश्री तपासनीस हे परीक्षा मंडळाचे दप्तरी सव्वीस वर्षे उत्तरपत्रिकांचे फेरतपासणीचे कामी होते, आणि लाल पेनाचे धनी, अर्ध्या गुणाचे कैवारी, ऐसा त्यांचा लौकिक होता. सरकारी काम सरकारी जागी ठेवावे इतका विवेक त्यांस नव्हता, म्हणोन घरीही गुणदान चाले. पत्नीच्या स्वयंपाकास दहापैकी साडेसात, शेजाऱ्यांच्या नव्या पडद्यांस सहा, आणि खुद्द आपल्या लग्नाच्या फोटोंस, प्रकाश कमी पडला या सबबेवर, पाच. हे पाच गुण पत्नी, म्हणजे बाईसाहेब, अद्याप विसरल्या नव्हत्या.

त्यांच्या मातोश्रींचा उजवा गुडघा शस्त्रक्रियेनंतर वाकेनासा जाहला. घरची मोटार लहान, तिजमध्ये मातोश्रींस बसविणे म्हणजे किल्ल्यावर तोफ चढविणे. पुढील आसन मागे लोटावे, मग दोघांनी दोहींकडून धरावे, आणि शिडी घालावी तैसा पाय तिरका आत घालावा. या उपद्व्यापाची त्यांस इतकी शरम वाटे की इस्पितळाखेरीज त्या आठ महिने कोठे गेल्या नाहीत. दोन तासांच्या वाटेवर त्यांची धाकटी बहीण राहत होती, आणि रोज चार वाजता फोनवर ती म्हणे, ‘ये ना गं’, आणि मातोश्री म्हणत, ‘येते की’. मुलापाशी त्यांणी कधी शब्द काढला नाही. परंतु एके दिवशी शेजारच्या खोलीत पेपर तपासता तपासता तपासनिसांचे कानी आले, “आता आपली भेट फोटोतच गं.” आणि लाल पेन हातात तैसेच राहिले, आणि पुढील पेपरास त्या दिवशी हात लागला नाही.

मग तपासनिसांणी जेवणाचे टेबलावर खलबत भरविले. मसलतीस दोघे हजर. एक बाईसाहेब, औषधांचे दुकानी नोकरीस, मितभाषी, घरातील एकमेव कुशल सारथी. आणि दुसरे बाईसाहेबांचे बंधू, ज्यांस आप्तमंडळी सर्वज्ञ म्हणत. सर्वज्ञांपाशी स्वतःचे वाहन एकही नव्हते, परंतु मोटारींविषयीचा एकही व्हिडिओ त्यांणी पाहिल्यावाचून सोडिला नव्हता. जाहिरातीत एक गाडी सापडली. सातआसनी मिनीव्हॅन, चौदा वर्षांची, एकाच मालकीची, बसावयाचा तळ बुटका, आणि बगलेस ऐसपैस सरकता दरवाजा. तपासनिसांणी एकेचाळीस प्रश्नांची प्रश्नपत्रिका सिद्ध केली, एकूण गुण शंभर, उत्तीर्णतेस चाळीस. आणि सर्वज्ञांचे सल्ल्याने फर्मान निघाले की, विक्रेत्यासमोर गाडीची स्तुती कोणी करू नये, ‘बरी आहे’ इतकेही म्हणू नये, हसू नये, आणि नाक मुरडावे ते सर्वांनी एकदम मुरडू नये, पाळीपाळीने मुरडावे.

मातोश्री तेव्हा आपल्या खोलीत रेडिओ ऐकत होत्या. त्यांस हे फर्मान कोणी कळविले नाही. ज्याच्याकरिता मोहीम, त्यास मसलतीस बोलवावे ऐसा प्रघात कोणत्याच दरबारी नाही.

शनिवारी सकाळी स्वारी निघाली. मातोश्रींस घरी एकटे ठेविता येईना, म्हणोन त्यांस मोठ्या कष्टे पुढे बसविले. बाईसाहेबांणी सारथ्य केले. आणि मागे तपासनीस व सर्वज्ञ गुडघे हनुवटीस लावोन बसले, आणि गाडी पारखावयास सांगितलेला मोटारींचा मिस्त्री आपल्या स्कूटरवरोन परभारे कुमकेस आला. हा मिस्त्री शब्दागणिक दाम पडावा तैसा बोले, म्हणजे क्वचित.

विक्रेती बाई पोहण्याच्या प्रशिक्षक, याच वर्षी निवृत्त जाहलेल्या. आवाज ऐसा की तलावाच्या या काठावरोन त्या काठाच्या पोरास धाक बसावा. त्या लहान घरी राहावयास निघाल्या होत्या, आणि तेथे गाडी उभी करण्यास जागा नव्हती. इमारतीचे अंगणात गाडी धुवोन पुसोन उभी होती. तपासनिसांचे पोटात तिला पाहताच आनंद उसळला, आणि त्यांणी तो फर्मानाप्रमाणे तेथेच दाबिला आणि मुद्रा कडू केली.

प्रथम बॉनेटास हात लावोन पाहिला. गार होता, म्हणजे इंजिन आधी तापवोन दोष झाकिला नव्हता, ही सचोटीची खूण. परंतु सर्वज्ञ वदले, “गार म्हणजे अगदीच गार आहे हो, भावोजी. महिनोन् महिने पडूनच असणार.”

“काल बाजारात नेली होती,” प्रशिक्षक बाई म्हणाल्या.

“कालच ना. आजचं काय?” सर्वज्ञ म्हणाले, आणि या जाबसालाने आपणच चकित जाहले.

मग मिस्त्रीने इंजिन चालू केले आणि धुराचे मागे उभा राहोन वास घेतला, आणि तेलाची पट्टी काढोन बोटांवर तेल चोळोन पाहिले, आणि तलावावरील ओल्या पोरांस नेणारी गाडी म्हणोन पायपुसण्या उचलोन तळाचा पत्रा गंजला काय ते ठोकोन पाहिले, आणि मग पाठीवर निजोन गाडीखाली गेला आणि बराच काळ बाहेर आला नाही. आला तो हात पुसत म्हणाला, “इंजिन चांगलंय.”

तपासनिसांणी त्याजकडे जळजळीत पाहिले.

“म्हणजे,” मिस्त्री म्हणाला, “वाईट नाही.”

सरकता दरवाजा मात्र अर्ध्या वाटेत अडखळत होता. मिस्त्रीने खाली वाकोन निदान केले, “रोलर झिजलाय. तासाभराचं काम.” पुढे बाईसाहेबांणी गाडी दोन गल्ल्या फिरवोन आणिली. वळणावर ती सहज वळली, चढावर दमली नाही, ब्रेक लाविता सरळ थांबली, आणि सर्वज्ञांणी तिसऱ्या रांगेतोन विचारिले, “टॉर्क कसा वाटतो?” त्यावर मिस्त्री म्हणाला, “चढ चढली ना, साहेब.” बाईसाहेबांचे ओठांवर हसू आले, ते त्यांणी आरशात पाहोन परत घेतले.

तपासनिसांचे पेन मात्र अखंड चालू होते. तलावाच्या औषधाचा वास, चार गुण वजा. छताच्या कापडास डाग, तीन वजा. मागल्या आसनाखाली एक बिस्कीट सापडले, ते टणक जाहले होते, आणि त्यास सहा गुण गेले. त्यातील दोन बिस्किटाचे आणि चार हलगर्जीपणाचे. गाडीस कमी लेखावे ही युक्ती होती, परंतु लाल पेन एकदा हाती आले म्हणजे युक्ती मागे राहते आणि सव्वीस वर्षे पुढे होतात. बेरीज जाहली एकतीस. तपासनिसांणी ती ठळक लिहिली, तिजभोवती वर्तुळ काढिले, आणि कागद बॉनेटावर ठेवोन ते मागील दिवे मोजावयास गेले. येथे घात जाहला.

प्रशिक्षक बाईंणी कागद उचलिला.

“एकतीस?” तो आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला आणि दोन खिडक्या उघडल्या. “शंभरात एकतीस? नापास?”

तपासनीस गाडीमागोन प्रकट जाहले.

“अहो साहेब, चौदा वर्षं ह्या गाडीतून पोरं नेली-आणली मी. पाण्याला घाबरणारी, रडणारी, ओकणारी. स्पर्धा हरून मुकाट बसलेली. एक दिवस रस्त्यात बंद पडली नाही ही. आणि तुम्ही हिला नापास करता? बिस्किटावरून?”

बाईसाहेब हळूच म्हणाल्या, “अहो, सांगा ना खरं काय ते.”

परंतु खरे सांगावे तर फर्मान उघडे पडते. आणि गुण वाढवावे तर मंडळाचा कायदा आड येतो की, एकदा दिलेले गुण परीक्षार्थीच्या अर्जावाचून बदलू नयेत. सव्वीस वर्षांत हा कायदा तपासनिसांणी मोडिला नव्हता. पेपर हाती घेवोन रडत आलेल्या बापांसमोर मोडिला नव्हता. म्हणोन त्या आणीबाणीचे प्रसंगी, आईची सुटका हाताशी आली असता, या पुरुषाचे मुखातोन जे शब्द निघाले ते ऐसे, “बाई, दिलेले गुण अर्जाशिवाय बदलता येत नाहीत.”

मिस्त्रीने आभाळाकडे पाहिले.

“मग नापास गाडी कशाला नेता?” बाई म्हणाल्या. “मी देतच नाही.” आणि दरवाजा सरकवोन, अडखळला तेथे हिसडा देवोन, त्यांणी गाडी बंद केली आणि किल्ली खिशात घातली.

“उत्तम,” सर्वज्ञ कानाशी लागले. “भावोजी, हेच हवं होतं. आता निघून जायचं. ती मागून हाक मारते, बघा.”

मग उभयतां वीस पावले चालोन गेले आणि थांबले. हाक आली नाही. फाटकापर्यंत गेले आणि थांबले. मागोन नळ सोडिल्याचा आवाज आला. बाई झाडांस पाणी घालीत होत्या.

त्या पाण्याचे आवाजात तपासनिसांस कळोन चुकले की आपण काय घालविले. पुढील गाडी केव्हा मिळेल, तिचा तळ किती उंच असेल, आणि तोवर चार वाजताचे किती फोन होतील, याची बेरीज त्यांचे मनात आपोआप चालू जाहली, आणि ती त्यांस पुरी करवेना. परत फिरोन चूक कबूल करावी, तर ती रीत त्यांस कोणी शिकविली नव्हती. ते फाटकाची कडी धरोन उभे राहिले.

इकडे मातोश्री लहान मोटारीत दार उघडे टाकोन, पाय बाहेर सोडोन, सर्व युद्ध पाहत होत्या. त्यांणी काठी घेतली आणि उतरावयास चार मिनिटे घेतली, आणि अंगण ओलांडोन प्रशिक्षक बाईंपाशी जावोन उभ्या राहिल्या.

“बाई, दार उघडता का? नुसती बसून बघते.”

बाईंणी त्यांचे गुडघ्याकडे पाहिले, आणि नळ बंद केला.

ज्याणे भित्र्यांस पाण्यात उतरविले त्यास ठाऊक असते की हात ओढू नये. बाई शेजारी उभ्या राहिल्या. हात जवळ, परंतु लाविला नाही. “घाई नाही, आजी. काठी आधी आत. वरची मूठ धरा. आता चांगला पाय. हां. टेका. फिरा.” आणि मातोश्री फिरल्या, बसल्या, आणि तो ताठ पाय समोर पसरला, आणि तो कोठेही अडला नाही. आठ महिन्यांत प्रथमच त्या कोणी धरल्यावाचून गाडीत बसल्या होत्या.

“काय ऐसपैस आहे हो!” मातोश्री म्हणाल्या. “आणि खिडकी केवढी! हा वास कसला?”

“तलावाचा. पोरांचा.”

“छान आहे.”

सर्वज्ञांणी कपाळास हात लाविला. “संपलं. फर्मानच बुडवलं काकूंनी.”

“कसलं रे फर्मान?” मातोश्रींणी विचारिले. मग त्या मुलाकडे वळल्या. “तू हिला किती दिलेस?”

“एकतीस,” तपासनीस जमिनीस म्हणाले.

“आणि अर्ज लागतो म्हणालास. मग माझा घे. लिहून देऊ, की तोंडी चालेल?”

अर्ज परीक्षार्थीचा असावा लागतो, आणि येथे परीक्षार्थी ती गाडी, ऐशी एक कायदेशीर शंका या घटकेसही तपासनिसांचे मनी आली, आणि ओठांपर्यंतही आली.

“अहो!” बाईसाहेब म्हणाल्या.

या दोन अक्षरांत लग्नाचे फोटो, साडेसात गुणांचा स्वयंपाक आणि बावीस वर्षे इतका दारूगोळा होता की शंका जागीच ठार जाहली. तपासनिसांणी कागद मागितला आणि गाडीचेच दारावर टेकोन एकतिसावर आडवी रेघ मारिली. रेघ वाकडी आली. मग ते प्रशिक्षक बाईंसमोर उभे राहिले, आणि कागदाकडे न पाहता बोलले.

“बाई, गाडी चांगली आहे. मला पाहताक्षणीच आवडली. वाईट बोलायचं आम्ही घरून ठरवून आलो होतो. आईला हिच्यातून मावशीकडे न्यायचंय. आठ महिने ती कुठे गेली नाही.”

“मग हे आधी सांगायला तोंड दुखत होतं का?” बाईंणी विचारिले.

“हो,” तपासनीस म्हणाले. आणि ते शब्दशः खरे होते.

बाई हसल्या, आणि खिडक्यांतील मंडळीही हसली, आणि तहाची बोलणी गाडीच्या पायरीवर पार पडली. जाहिरातीत मागितली होती तीच किंमत ठरली, रोलराचे काम तेवढे बाईंणी आपल्या शिरी घेतले. म्हणजे फर्मान, नाके मुरडणे आणि वीस पावलांची माघार या सर्वांची प्राप्ती शून्य. सर्वज्ञ पुढे आप्तांत सांगत फिरले की त्या वीस पावलांनीच किल्ला हाती आला. त्यांस कोणी अडविले नाही, कारण त्यांस अडविण्यात दिवस जातो. मिस्त्रीने तासाभरात रोलर बसविला, आणि तोवर मातोश्री खाली उतरल्या नाहीत, तेथूनच त्यांणी बहिणीस फोन लाविला, चार वाजावयाची वाट न पाहता, आणि म्हणाल्या, “अगं, मी निघतेय. नाही, फोनवर नाही. खरीच निघतेय.”

येणेप्रमाणे शनिवारी दोन प्रहरी सातआसनी गाडी फत्ते जाहली. दप्तरी विजय तपासनिसांचे नावे लागला, सही त्यांची म्हणोन. परंतु किल्ली बाईसाहेबांचे हाती होती, आणि प्रशिक्षक बाई फाटकाशी उभ्या राहोन गाडी वळणाआड होईतो पाहत होत्या.

गाडी देणारीस गाडीवाचोनच्या नव्या घराची सवय लवकर होवो. तपासनिसांस चांगल्यास चांगले म्हणणे दिवसेंदिवस सोपे जावो. बाईसाहेबांस वाट मोकळी मिळो. आणि दोघी बहिणींस ती दुपार पुरी पडो.