शिर्केंचा पट्टा

गेल्या गुरुवारी सकाळी पावणेअकराच्या सुमारास सीवूड्सहून करावेगावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर वसंतराव शिर्केंच्या स्कूटरचा पट्टा तुटला. या वर्षातला हा तिसरा. शिर्के उतरले, स्कूटर ढकलत गॅरेजकडे निघाले. ज्यांनी त्यांना पाहिलं ते सांगतात की ते खूश होते.

शिर्के आमच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहतात. वय अडुसष्ट, गाव साताऱ्याकडचं. तुर्भ्याच्या एका कारखान्यात माल वाहून नेणाऱ्या पट्ट्यांची देखभाल त्यांच्याकडे होती. निवृत्तीनंतर त्यांनी आपलं लक्ष स्कूटरच्या पट्ट्याकडे वळवलं. बिनगिअरच्या प्रत्येक स्कूटरमध्ये इंजिनाची ताकद मागच्या चाकापर्यंत नेणारा एक रबरी पट्टा असतो. तो तुटला की इंजिन गर्जत राहतं आणि गाडी जागेवर. तो बदलायचा कधी, याला गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तकात किलोमीटरचा आकडा दिलेला असतो. शिर्केंचा त्या आकड्यावर विश्वास नाही. ते म्हणतात, "आकडा कागदाला कळतो. पट्ट्याला वाचता येत नाही."

रोज सकाळी नऊला ते पार्किंगमध्ये प्लास्टिकची खुर्ची टाकून बसतात. सोसायटीतल्या स्कूटरी ऑफिसला निघतात आणि शिर्के डोळे मिटून ऐकतात. तिसऱ्या मजल्यावरच्या मोरे मॅडम बेलापूरला सरकारी कचेरीत आहेत. एकदा त्यांना हात करून शिर्केंनी थांबवलं.

"मॅडम, निघताना पहिल्या दहा फुटांत गाडी थरथरते ना?"

"थरथरते थोडी."

"आणि पिकअप? रेस वाढते, गाडी मागं राहते?"

"काका, मस्टर निघून जाईल माझं."

"पट्टा बोलतोय, मॅडम."

"बोलू दे त्याला. मी संध्याकाळी ऐकते."

संध्याकाळी मोरे मॅडम गॅरेजला गेल्या. मेकॅनिकने कव्हर उघडून पट्टा बाहेर काढला आणि उलटा वाकवून दाखवला. आतल्या दात्यांच्या मुळाशी चिरा होत्या, कडा झिजून पट्टा अरुंद झाला होता. आमच्या सोसायटीत शिर्केंनी असे अकरा पट्टे ओळखले. मी विचारून खात्री केली आहे, एकदाही ते चुकले नाहीत.

पण हा त्यांचा अर्धाच उद्योग. काढलेला जुना पट्टा ते मागून घेतात, त्यावर पांढऱ्या रंगाने मालकाचं नाव लिहितात आणि स्वतःच्या स्कूटरला लावतात. मग तो तुटेपर्यंत चालवतात. त्यांच्या पार्किंगच्या खांबावर किलोमीटरचा आकडा खडूने लिहिलेला असतो. निघताना एक, आल्यावर एक. जुन्या पट्ट्यावर ते हमरस्त्याला जात नाहीत, डाव्या कडेने सावकाश चालवतात आणि मागे कोणालाही बसवत नाहीत. मागच्या सीटचे पाय ठेवायचे दांडे नऊ वर्षं मिटलेले होते.

करावेगावातला गॅरेजवाला भोईर यावरून त्यांच्याशी दर वेळी भांडतो. "काका, ह्यो पट्टा मेलेला हाय. मेलेला पट्टा गारीला लावतंय कोन?"

"मेलाय की नाही ते मी ठरवीन. तू बसव."

"रस्त्यात तुटला म्हंजे माजं नाव खराब होल ना!"

"तुटायलाच तर लावतोय."

पट्टा तुटला की शिर्के मूळ मालकाच्या दारात जाऊन निकाल सांगतात. मोरे मॅडमना त्यांनी सांगितलं, "तुमचा आणखी सहाशे चाळीस चालला."

"म्हणजे मी सहाशे किलोमीटर आधीच बदलला?"

"नाही. सहाशे किलोमीटर आधी वाचलात."

तुटलेले पट्टे ते घरी नेतात आणि बाल्कनीतल्या दोरीला टांगतात. त्यांच्या पत्नी सुमनताई म्हणतात, "लोकांच्या बाल्कनीत तुळस असते. आमच्याकडे साप वाळत घातलेत."

सुमनताई नवऱ्याच्या स्कूटरवर बसत नाहीत. गुडघा दुखतो म्हणून आठवड्यातून चार-पाचदा त्यांना व्यायामाच्या दवाखान्यात जावं लागतं. शिर्के प्रत्येक वेळी फाटकाशी उभे राहून विचारतात, "सोडू का?" त्या प्रत्येक वेळी सांगतात, "बस आहे." हा संवाद आमच्या वॉचमनलाही पाठ आहे.

याचं कारण शिर्केंनीच मला सांगितलं. नऊ वर्षांपूर्वी भाचीच्या हळदीला दोघं स्कूटरवरून चौदा-पंधरा किलोमीटरवरच्या कोपरखैरण्याला निघाले होते. सुमनताई नव्या रेशमी साडीत मागे बसल्या होत्या. तुर्भ्याच्या पुलावर पट्टा तुटला. पुस्तकातला आकडा महिन्यापूर्वीच उलटला होता. "मला माहीत होतं," शिर्के म्हणाले. "पण थरथर नाही, आवाज नाही. म्हटलं, बोलत नाही म्हणजे बरा आहे." रिक्षा मिळेना. शेवटी मार्केटमधून कांदा खाली करून परतणारा टेम्पो थांबला आणि सुमनताई त्यातून हळदीला पोचल्या. हळद लागून गेली होती.

"ओरडली असती तर बरं होतं," शिर्के म्हणाले. "ही काही बोललीच नाही. आली, साडी झटकली, घडी करून ठेवली. पुन्हा गाडीवर बसली नाही."

दुसऱ्या आठवड्यात त्यांनी पहिला जुना पट्टा स्वतःच्या स्कूटरला लावला. बोलणारे पट्टे कोणीही ओळखतो, असं त्यांचं म्हणणं. गप्प जाणारा तुटायच्या आधी काहीतरी करत असणार, ते त्यांना शोधायचं होतं. नऊ वर्षांत काय सापडलं, असं मी विचारलं. ते म्हणाले, "गप्प असतो त्याची वाट बघायची नाही. उघडून बघायचं."

गेल्या बुधवारी संध्याकाळी सुमनताई दवाखान्यातून परतल्या तेव्हा मी पार्किंगमध्येच होतो. कठड्याला धरून त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. मग नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, तुमचा अभ्यास संपणार कधी?"

"एक-दोन पट्टे राहिलेत."

"संपला की सांगा. बसची पायरी आता चढवत नाही."

एवढं बोलून त्या वर गेल्या. शिर्के खडू हातात धरून खांबापाशी उभे होते. आकडा लिहायचा राहिला.

पुढचा दिवस गुरुवार. पट्टा तुटल्यावर गॅरेजमध्ये काय झालं ते भोईरने सांगितलं. त्याने सवयीने स्कूटरच्या डिकीतून दुसरा जुना पट्टा काढला. शिर्के म्हणाले, "तो ठेव. नवा दे."

"नवा? तुमच्या गारीला?"

"बहिरा आहेस का?"

भोईरने पाकीट फोडलं. शिर्केंनी पट्टा उजेडाकडे धरून दोन्ही बाजूंनी पाहिला, मगच बसवू दिला. तुटलेला पट्टा भोईरने नेहमीप्रमाणे पिशवीत घातला. शिर्के तो तिथेच सोडून निघाले.

दुपारी त्यांनी मागच्या सीटचे दांडे उघडायला घेतले. गंजले होते. तेल सोडून, ठोकून, पाऊण तासाने उघडले. पाच वाजता सुमनताई खाली आल्या. त्यांनी आधी खांबावरचा आकडा पाहिला, मग स्कूटरकडे.

"कोणाचा पट्टा आहे?"

"आपला."

"काही बोलतोय?"

"नाही. सकाळी उघडून बघितलाय."

सुमनताईंनी पदर खोचला, शिर्केंच्या खांद्यावर हात टेकला आणि बसल्या. वॉचमन खुर्चीतून उठून उभा राहिला. पाच वाजून दहा मिनिटांनी स्कूटर फाटकाबाहेर पडली.

दवाखाना सहाला बंद होतो. दोघं सव्वासातला परत आले. शिर्केंनी खांबावर नवा आकडा लिहिला. तो निघतानाच्या आकड्यापेक्षा एकतीसने जास्त होता. दवाखाना आमच्या सोसायटीपासून दीड किलोमीटरवर आहे.